मिरचीनं उघडलेली छत्री

ऑक्टोबरचं ऊन लागलं की मुलुंड-बोरिवलीच्या खिडक्यांतल्या कुंड्यांत हमखास एक घबराट होते. परवापर्यंत हिरवीगार असलेली मिरची आज देठापाशी जांभळट-काळी! शेजारच्या काकू ग्रिलपलीकडूनच निदान करतात, ‘कीड लागली, उपटून टाक.’

उपटू नका. मिरची बोटांत धरून उलटी करा. सावलीतली बाजू हिरवी आहे आणि काळ्या भागावरची साल गुळगुळीत, टणक लागतेय? मग हा रोग नव्हे. पावसाळाभर ढगांखाली वाढलेल्या झाडावर एकदम कडक ऊन पडलं, म्हणून मिरचीनं छत्री उघडली आहे. सालीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य भरून ती जादा प्रकाश अडवते. वांग्याच्या सालीला आणि जांभळाला रंग देणारी द्रव्यं याच कुळातली. वांगं तर मिरचीचं भावकीतलंच. हा रंग प्रकाशाला इतका बांधलेला, की फळावर पान टेकलेलं असेल तर तेवढीच जागा हिरवी राहते. पानाचा फोटोच म्हणा ना, मिरचीवर छापलेला!

छत्री अपुरी पडली तर काय होतं, तेही दिसतं. अंधेरीतल्या एखाद्या पश्चिमेच्या खिडकीत, पानं खुडून उघड्या पाडलेल्या मिरचीवर पांढरट, कागदासारखा चट्टा उठतो. तो भाजल्याचा. त्या झाडाला दुपारची सावली द्या, बस्स.

टोकाकडून तपकिरी होत गेलेली मिरची मात्र निराळं सांगते: फळाच्या टोकाला कॅल्शियम मिळालेलं नाही. लगेच अंड्याची टरफलं कुटायला बसू नका. मातीत कॅल्शियम बहुधा असतंच, पण ते पाण्याबरोबर चढतं आणि पाण्याचा ओढा असतो पानांकडे. विरार लोकलमध्ये बोरिवलीकराची दारापर्यंत पोचताना जी गत होते, तीच कॅल्शियमची फळाच्या टोकापर्यंत जाताना. कुंडी एक दिवस कोरडीठाक, दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की हे हटकून होतं. उपाय म्हणजे थोडं पण नेमानं पाणी, आणि मातीवर सुक्या पाल्याचा थर.

खरं भ्यावं असा डाग एकच, आणि तो बोटाला कळतो. खोलगट, एकात एक वर्तुळं असलेला, भिंगातून पाहिलं तर काळ्या ठिपक्यांनी भरलेला. ही कोलेटोट्रिकम बुरशी. शेतकरी फळकुज म्हणतात ती हीच. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांवरून ती एका फळावरून दुसऱ्यावर जाते. अशी मिरची तोडून थेट कचऱ्यात टाका, कुंडीतल्या मातीत नको.

छत्रीवाली मिरची झाडावरच राहू द्या. पिकताना तिचं काळेपण आपोआप ओसरतं, हरितद्रव्य मोडतं आणि कॅप्सॅन्थिन हे लाल द्रव्य तयार होतं. हिरवं पुरतं गेलेलं नाही आणि लाल येऊ लागलंय, अशा वेळी ती चॉकलेटी दिसते. काकू तेव्हाही घाबरतील. रंगावरून तिखटपणा मात्र ओळखायला जाऊ नका. बेडगीच बघा, लालभडक असून जिभेला सौम्य.

आणि पिकल्यावर तोडायला उशीर करू नका. लाल रंग पक्ष्यांना लांबून दिसतो, आणि बुलबुलाला मिरची तिखट लागतच नाही.