गादी बदलली की घोरणं थांबतं?

‘घोरणं थांबवणारी गादी’ घेण्याआधी आजार समजून घ्यायला हवा. स्लीप अ‍ॅप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, 10 सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबतो. उताणं झोपलं की जीभ मागे सरकून त्रास वाढतो. कुशीवर अनेकांना बरं पडतं. गादीचा संबंध एवढाच. खड्डा पडलेल्या गादीवर कुशीवर टिकता येत नाही, फार कडक असली तर खांदा दुखतो आणि माणूस पुन्हा उताणा. त्यासाठी हजारो रुपये घालायलाच हवेत असं नाही. कापूस पिंजून जुनी गादी पुन्हा भरून घेतली तरी भागतं. पण घोरता घोरता श्वास अडकत असेल, गाडी चालवताना डुलकी लागत असेल, तर आधी कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवावं. झोपेची तपासणी करायची का, हे तेच सांगतील.