विमानाची गादी निवडताना

घरी बांधलेल्या विमानात प्रवाशाला दिसेल अशा जागी एक पाटी लावावीच लागते. हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि प्रमाणित विमानांचे सुरक्षेचे नियम त्याला लागू होत नाहीत, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर असतो. अमेरिकेत हा कायदाच आहे. विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असेल, तर ‘एक्सपेरिमेंटल’ गटात त्याची नोंद होते आणि पुढचे पुष्कळसे निर्णय बांधणाऱ्यावर सोडले जातात. आसनांना कुठलं कापड लावायचं, हा त्यांपैकी एक. प्रमाणित विमानातलं कापड सहजी पेट न घेणारं असावं लागतं. इथे तशी सक्ती नाही. दुकानातलं पडद्याचं कापड आणून शिवलं, तरी कोणी अडवणार नाही.

ओरेगनमध्ये आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त इंजिनिअर आरव्ही-७ हे दोन आसनी विमान बांधत होते. जाड कापड आणि लेदर शिवायचा मला सराव आहे, म्हणून गाद्यांचा विषय निघाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. आरव्ही विमानं ओरेगनचीच. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी स्थापन केलेली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी ऑरोरा गावातून सुटे भाग पाठवते आणि ते जोडून जगभरात अकरा हजारांहून जास्त विमानं उडाली आहेत. कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आपल्याला ठाऊक आहेत. तिकडे ती एका माणसाची झुंज होती. इकडे गल्लीगल्लीत असा एखादा गॅरेजवाला भेटतो.

सुरुवात वजनापासून झाली. शेजाऱ्यांच्या पत्नीला तपकिरी लेदर हवं होतं, आणि ते दिसतंही देखणं. लेदरची जाडी इथे औंसात सांगतात. तीन औंसाचं लेदर म्हणजे ज्याचा एक चौरस फूट तुकडा साधारण तीन औंस भरतो, जाडी सव्वा मिलिमीटरच्या आत-बाहेर. दोन गाद्या, दोन पाठी आणि कडेच्या पट्ट्यांसाठी, कापाकापीतली कात्रणं वगळून, चाळीस चौरस फूट धरले, तर नुसतं लेदरच साडेसात पौंड. फोम, धागा, वेल्क्रो वेगळं. आरव्ही-७ चं कमाल वजन 1,800 पौंड आणि रिकामं विमान 1,100 च्या आसपास. टाक्या भरल्या की 42 गॅलन पेट्रोलचे अडीचशे पौंड. उरलेल्या साडेचारशेत दोन माणसं आणि त्यांचं सामान बसवायचं. तिथे साडेसात पौंड म्हणजे सव्वा गॅलन पेट्रोल, म्हणजेच आठ-नऊ मिनिटांचं उड्डाण. हे आकडे कागदावर मांडल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, “सगळीकडे लेदर नको. जिथे लागेल तिथेच लावू.”

मग आगीचा प्रश्न. मोठ्या प्रवासी विमानांच्या आसनांच्या कापडासाठी ठरलेली चाचणी अशी: कापडाची बारा इंच लांब पट्टी उभी टांगायची, खालून दीड इंच उंचीची ज्योत बारा सेकंद धरायची आणि काढून घ्यायची. ज्योत काढल्यावर पट्टी पंधरा सेकंदांत विझली पाहिजे, जळालेला भाग आठ इंचांपेक्षा जास्त नको, आणि वितळून ठिबकलेले थेंब पाच सेकंदांहून जास्त जळता कामा नयेत. मोटारींच्या कापडासाठी अमेरिकेतला नियम बराच सैल आहे. तिथे पट्टी आडवी ठेवतात आणि ज्वाला मिनिटाला 102 मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने सरकली नाही म्हणजे झालं. मोटार कडेला लावून उतरता येतं. पाच हजार फुटांवरून खाली येऊन उतरायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ वैमानिकाला त्याच आसनावर बसून विमान सांभाळायचं असतं. म्हणून ‘मोटारीला चालतं’ हे उत्तर शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बाद केलं.

हँगरबाहेर काँक्रीटवर, वाऱ्याला आडोसा करून आणि बादलीभर पाणी जवळ ठेवून आम्ही नमुने जाळून पाहिले. प्रयोगशाळेतली अचूकता त्यात नव्हती, पण फरक डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. सोफ्याच्या पॉलिएस्टर कापडाला ज्योत लागताच खालची कड आकसून वर सरकली, तिथे एक चकचकीत काळा गोळा जमला, आणि त्यातून पेटते थेंब टपटप खालच्या पत्र्यावर पडले. ज्योत काढल्यानंतरही ते तिथे जळत राहिले. मांडीवर असा एक थेंब पडला तर काय होईल, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. लोकरीच्या ट्वीडची पट्टी करपली, केस जळाल्यासारखा वास सुटला आणि ज्योत बाजूला घेताच आग विझली. काळा भाग बोटांनी चुरला तर त्याची कोरडी राख झाली. लोकर म्हणजे प्रथिन; तिच्यात नायट्रोजन आणि ओलावा मुळातच असतो, म्हणून ती उशिरा पेटते आणि वितळत नाही. लेदर वाकडंतिकडं झालं, पण त्यानेही आग धरली नाही.

त्यानंतर शेजाऱ्यांनी कापड, फोम आणि दोन्हींना चिकटवणारा गोंद असा एकत्र थर जाळायला घेतला. हा भाग बरेच जण सोडून देतात. कापड सुटं असताना चांगलं वागतं, पण पाठीमागच्या साध्या फोमने पेट घेतला की त्याच्या चांगुलपणाचा काही उपयोग नसतो. आमच्या एका थरात कापड शाबूत राहिलं आणि गोंदाच्या रेषेवरून ज्वाला धावली. तो गोंद त्या दिवशीच कपाटातून बाहेर गेला.

फोमची गोष्ट तर याहून महत्त्वाची. मऊ, उसळणारी गादी आरामशीर वाटते, पण विमान जोरात आदळलं तर तीच कण्याला घातक ठरते. आदळताना फोम आधी दबतो, तोवर आसन थांबलेलं असतं आणि माणूस खाली येतच असतो. फोम संपला की माणूस एका क्षणात कठीण पत्र्यावर थांबतो. ब्रिटनमधल्या ग्लायडर वैमानिकांना झालेल्या कण्याच्या दुखापतींमुळे तिथे या विषयाचा बराच अभ्यास झाला, आणि आता हलक्या विमानांत मंद गतीने दबणारा फोम वापरायची शिफारस होते. नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी 1966 मध्ये सुरू झालेल्या कामातून असा फोम पुढे आला. हळू बसलात तर तो अंगाचा आकार घेतो. अचानक आघात झाला तर कडक होतो. विमानासाठी त्याचे रंगांवरून ओळखले जाणारे प्रकार मिळतात: हिरवा कडक, निळा मध्यम, गुलाबी मऊ. खाली हिरवा, मध्ये निळा, वर गुलाबी असे थर आम्ही लावले.

या फोमची एक खोड असते. थंडीत तो ताठ होतो. सकाळच्या गारठ्यात शेजारी त्यावर बसले तेव्हा त्यांचं डोकं कॅनोपीला, म्हणजे वरच्या पारदर्शक घुमटाला जवळजवळ टेकलं. अंगाची ऊब लागल्यावर ते हळूहळू खाली गेले. डोळ्यांची उंची बदलली की धावपट्टी नाकावरून वेगळी दिसते. म्हणून फोमची एकूण जाडी आम्ही गार फोमवर बसून ठरवली, उबदार फोमवर नाही.

आणि कंट्रोल स्टिक. आरव्ही-७ मध्ये ती दोन्ही पायांच्या मधून वर येते. जमिनीला टेकताना ती पूर्ण मागे ओढावी लागते. गादीची पुढची कड जाड झाली तर स्टिक तिथेच अडते आणि नेमकं हवं तेव्हा विमानाचं नाक वर उचललं जात नाही. कच्ची गादी ठेवून आम्ही स्टिक पूर्ण मागे, मग मागे-डावीकडे, मग मागे-उजवीकडे नेऊन पाहिली. माणूस बसलेला असताना आणि आसन रिकामं असतानाही, कारण रिकाम्या आसनाचा फोम फुगून उंच राहतो. उजव्या कोपऱ्यात स्टिकची मूठ फोमला घासत होती. तिथे खाच खोल केली, कड तिरकी कापली आणि तो कोपरा पुन्हा तपासला.

शिवणीचा निर्णय यातूनच निघाला. बसायच्या मधल्या भागाला लोकरीचं ट्वीड: ते हवा खेळू देतं, पारदर्शक घुमटाखाली उन्हात चटका देत नाही, आणि फोमबरोबर ताणतं. तिथे ताठ लेदर घट्ट ओढून बसवलं असतं तर माणूस फोमवर न बसता लेदरवरच तोलला गेला असता आणि खालचे थर वाया गेले असते. पुढच्या कडेला आणि बाजूंना लेदर, कारण पंखावरून आत उतरताना तिथे बूट घासतात. लेदरला सुईचं भोक कायमचं राहतं. टाके फार जवळ घेतले तर शिवणीवरच ते फाटतं. म्हणून टाका चार मिलिमीटरचा ठेवला, आणि उसवायची वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक तुकडा आधी स्वस्त कापडात शिवून बसवून पाहिला. गाद्या वेल्क्रोने बसवल्या, कारण दर बारा महिन्यांच्या तपासणीत खालचे पत्रे उघडावे लागतात.

तयार गाद्या विकत आणायची सोय होती आणि त्याने परवान्याला बाधा आली नसती. पण मग हे प्रश्न विचारले गेले नसते, रंग आणि किंमत एवढंच पाहिलं गेलं असतं. घरी बांधलेली विमानं विकली जातात, बांधणाऱ्यानंतरही उडत राहतात. उद्या कोणी अनोळखी माणूस ते विमान घेईल. त्याला ट्वीड दिसेल, आतला फोम दिसणार नाही. म्हणून शेजाऱ्यांनी जळालेल्या पट्ट्या, थरांचा क्रम, गोंदाचं नाव आणि गाद्यांचं वजन विमानाच्या बांधकाम-वहीत लावून ठेवलं. ही नोंद कुठल्याही कार्यालयाने मागितलेली नाही. जिथे कोणी मागत नाही तिथे ती ठेवणं, हीच या छंदातली खरी शिस्त आहे.