मुलांच्या दम्याचा झटका : स्टेरॉईड पंपातून की तोंडाने?

दसरा उलटला, सोयाबीनची मळणी झाली आणि कापूस घरात येऊ लागला की आमच्या दवाखान्यात धापा टाकणाऱ्या मुलांची संख्या वाढते. सकाळचा गारठा, मळणीची धूळ, बैठकीच्या खोलीत छतापर्यंत रचलेला कापूस, पऱ्हाट्यांवर पेटणारी चूल आणि त्यात सर्दी-पडसे. एवढे सगळे एकत्र आले की ज्या मुलाची श्वासनलिका मुळातच हळवी आहे त्याला झटका येणारच. मग आईवडील मला दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारतात. मोताळ्याकडची एक आजी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पंप लागला की मंग जनमभर सुटत नाई म्हन्तात, गोळीच द्या." त्याच दिवशी शहरातले एक शिक्षक म्हणाले, "गोळीत स्टेरॉईड असते असे वाचले आहे. गोळी नको, हवा तर पंप वाढवून द्या."

दोघांची भीती प्रामाणिक होती, आणि दोघांचाही काही घोटाळा झाला होता. तो घोटाळा दूर करण्यासाठी आजचा लेख आहे.

स्टेरॉईड म्हणजे काय?

हा शब्द ऐकला की खेळाडूंनी दंड फुगवण्यासाठी घेतलेली औषधे अनेकांना आठवतात. ती वेगळी. दम्यात वापरतात ती आपल्याच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींत रोज तयार होणाऱ्या एका संप्रेरकाची भावंडे आहेत. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण चालू लागला. या कामासाठी १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल आणि राईशस्टाईन यांना मिळाले. पण हे औषध तोंडाने महिनोन्महिने दिले की चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, रक्तदाब व साखर वाढणे, मुलांची उंची खुंटणे हेही लवकरच दिसून आले. म्हणूनच ते थेट फुप्फुसात, अगदी थोड्या मात्रेत पोचवण्याची धडपड सुरू झाली आणि १९७२ साली ब्रिटनमध्ये बेक्लोमेथासोनचा पंप आला. म्हणजे पंप हा गोळीचा मोठा भाऊ नव्हे. गोळीचे दुष्परिणाम टाळण्यासाठीच तो जन्माला आला.

मात्रेतला फरक पाहा. १५ किलो वजनाच्या मुलाला झटक्यात प्रेडनिसोलोन दिवसाला १५ ते ३० मिलिग्रॅम लागते. पंपातून त्याच मुलाला रोज बुडेसोनाईड साधारण २०० मायक्रोग्रॅम दिले जाते. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. आता आजीबाईंनीच ठरवावे की जड काय आणि हलके काय!

झटक्यात छातीत काय घडते?

तीन गोष्टी घडतात. श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळतात, नळीचे आतले अस्तर सुजते, आणि चिकट कफ साचून आधीच अरुंद झालेली वाट बंद होऊ लागते. आवळलेले स्नायू सैल करण्याचे काम साल्ब्युटामॉलचे. ते काही मिनिटांतच गुण देते. पण सुजेला ते हात लावत नाही. सूज उतरवते ते स्टेरॉईड, आणि त्याचा गुण दिसायला साधारण चार तास लागतात. म्हणून झटक्यात साल्ब्युटामॉल आधी, आणि झटका मध्यम किंवा तीव्र असेल तर स्टेरॉईड लवकर सुरू करायचे. चार तासांनी गुण येणारे औषध सहा तास उशिराने दिले तर मुलाने दहा तास कसे काढायचे?

मग झटक्यात पंपातले स्टेरॉईड का पुरत नाही? ज्या नळ्या सुजेने आणि कफाने बंद होत आल्या आहेत, त्यांतून फवारा खाली उतरतच नाही. त्याला वाटच नसते. तोंडाने घेतलेले औषध रक्तातून जाते आणि बंद पडलेल्या नळीपर्यंतही पोचते. कुटाराच्या गंजीला आग लागली तर बादल्यांनी पाणी ओतावे लागते, तेथे झारी कामाची नाही. पण आग नाही म्हणून रोज बादल्या ओतत बसलो तर कुटार सडून जाते.

हा माझा एकट्याचा तर्क नाही. कॅनडात टोरांटो येथे पाच वर्षांवरील, तीव्र झटका आलेल्या १०० मुलांवर झालेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. काहींना तोंडाने प्रेडनिसोन आणि काहींना पंपातून भरपूर मात्रेत फ्लुटिकासोन दिले. प्रेडनिसोन मिळालेल्यांपैकी शेकडा १० मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले, तर पंपवाल्यांपैकी शेकडा ३१ मुलांना. दुसरा प्रश्न असा की झटका येतोय असे वाटताच रोजचा स्टेरॉईड पंप पाचपट केला तर झटका टळतो का? अमेरिकेत ५ ते ११ वर्षांच्या २५४ मुलांवर हे करून पाहिले. २०१८ साली निष्कर्ष आला : झटके कमी झाले नाहीत, उलट पाचपट मात्रा मिळालेल्या मुलांची उंची वाढण्याचा वेग किंचित मंदावल्यासारखा दिसला.

माझी एक चूक

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. सहा वर्षांचा एक मुलगा. घरात कापूस भरलेला, तीन दिवसांची सर्दी, छातीत घरघर, बोलताना मध्ये थांबून श्वास घेत होता. साल्ब्युटामॉलची वाफ दिल्यावर त्याला बरे वाटले. मी प्रेडनिसोलोन लिहू लागलो तसे वडील म्हणाले, "साहेब, ती गोळी नको. पंप दुप्पट करून द्या." संध्याकाळची वेळ, बाहेर रांग लागलेली. समजावून सांगायला दहा मिनिटे लागली असती. मी "बरे" म्हटले आणि पंप दुप्पट लिहून दिला.

रात्री दोन वाजता दार वाजले. मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठांवर निळसर झाक होती, आणि त्याची घरघर आता ऐकूही येत नव्हती. हवाच आत जात नसली की छाती शांत होते. ही शांतता सर्वांत वाईट. ऑक्सिजन, पुन्हा पुन्हा साल्ब्युटामॉल आणि तोंडाने स्टेरॉईड देऊन त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. चार दिवसांनी तो हसत घरी आला हे आमचे नशीब. वडील स्वतःला दोष देत होते. मी त्यांना सांगितले की चूक तुमची नाही, माझी आहे. ती दहा मिनिटे मी त्याच दिवशी द्यायला हवी होती. तेव्हापासून ती मी देतो, बाहेर रांग कितीही मोठी असो.

उलट बाजूची चूक

याच्या अगदी उलट चूक आपल्याकडे अधिक होते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आली. गोल गरगरीत चेहरा, पोट सुटलेले, उंचीने मात्र धाकट्या भावाच्या बरोबरीची. दर पंधरवड्याला गावात एक सुई आणि त्यानंतर पांढऱ्या पुड्या. "पुडी घेतली की लई मोकळं वाटते," आई म्हणाली. मोकळे वाटणारच. अशा बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईडच कुटून घातलेले असते. असे महिनोन्महिने चालले की शरीराची स्वतःची ग्रंथी काम सोडून देते, आणि पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकते. म्हणून अशा मुलाचे औषध घरच्या घरी तोडू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा.

झटक्यात साल्ब्युटामॉलबरोबर दिलेले तीन ते पाच दिवसांचे प्रेडनिसोलोन मात्र वेगळे. तेवढ्याने चेहरा सुजत नाही, उंची खुंटत नाही, आणि ते थांबवताना मात्रा हळूहळू उतरवण्याचीही गरज नसते. मूल गिळू शकत असेल आणि उलटी करत नसेल तर तोंडाने दिलेले औषध शिरेतून दिलेल्या सुईइतकेच गुणकारी असते. तेव्हा "सुई द्या" असा हट्ट धरू नये. पण वर्षात दोनदा-तीनदा असा कोर्स लागला तर रोजच्या उपचारात काहीतरी कमी पडते आहे, असे समजून डॉक्टरांना भेटावे. मुलाला नुकताच कांजिण्यांच्या रुग्णाचा संसर्ग झाला असेल तर गोळी सुरू करण्यापूर्वी तेही सांगावे.

आणखी एक गोष्ट. पाच वर्षांखालील ज्या बाळाला केवळ सर्दीबरोबर घरघर होते आणि एरवी ते ठणठणीत असते, त्याला प्रत्येक वेळी प्रेडनिसोलोनची गरज नसते. ब्रिटनमध्ये अशा सुमारे ७०० रुग्णालयातील मुलांचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या औषधाने रुग्णालयातला मुक्काम कमी झाला नाही. म्हणून शेजारच्या मुलाची बाटली आपल्या बाळाला पाजू नये.

पंप जन्मभर लागतो का?

पंपाची सवय लागत नाही. दमा अनेक वर्षे राहतो म्हणून पंप अनेक वर्षे लागतो. चष्म्याची सवय लागते असे आपण म्हणतो का? दमा आटोक्यात आला की डॉक्टर मात्रा कमी करतात, आणि पुष्कळ मुलांचा त्रास वय वाढेल तसा कमीही होतो. उंचीविषयी खरे ते सांगतो. रोज बुडेसोनाईडचा पंप घेतलेल्या अमेरिकी मुलांची मोठेपणी उंची मोजली, तेव्हा ती सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. हा निष्कर्ष २०१२ सालचा. सव्वा सेंटिमीटर एका पारड्यात आणि रात्री दोन वाजताची ती धाप दुसऱ्या पारड्यात, असे मी पालकांना सांगतो.

मुलांनी पंप नुसता तोंडात धरून मारू नये. अर्धे औषध घशालाच चिकटते. मध्ये स्पेसर लावावा, आणि चार-पाच वर्षांखालील मुलाला त्यावर मास्क. स्पेसर परवडत नसेल तर ५०० मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे छिद्र पाडा आणि फट राहणार नाही अशी पट्टी लावा. बाटलीचे तोंड मुलाने ओठांत धरायचे. दक्षिण आफ्रिकेत केपटाउन येथे १९९९ साली अशी बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली. बाटली साबणाच्या पाण्यात धुऊन पुसू नये, तशीच वाळू द्यावी. स्टेरॉईड पंपानंतर चूळ भरावी, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

झटका आला तर

१. मुलाला बसते ठेवा, आडवे करू नका. कापूस, धूर आणि गर्दीपासून बाहेर न्या.

२. साल्ब्युटामॉलचा पंप हलवून स्पेसरमधून द्या. एका वेळी एकच फवारा, त्यावर पाच-सहा श्वास, मग दुसरा. किती फवारे ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. गुण न आल्यास २० मिनिटांनी पुन्हा द्या.

३. पंपांच्या रंगावर भिस्त ठेवू नका, नाव वाचा. रोजचा पंप वेगळा, झटक्याचा वेगळा.

४. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन घरी ठेवायला दिले असेल तर त्यांनी सांगितलेल्या खुणा दिसताच सुरू करा आणि त्याच दिवशी दाखवा. याचे पातळ औषध दोन ताकदींत मिळते : ५ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये १५ मिलिग्रॅम. बाटली बदलली की मात्रा तिप्पट किंवा एकतृतीयांश होऊ शकते. लेबल वाचल्याशिवाय चमचा भरू नका.

५. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, दूध-पाणी पीत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर असतील, किंवा मूल गुंगीत जात असेल तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा, आणि वाटेतही साल्ब्युटामॉल देत राहा.

कोजागिरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे दम्याचे औषध किंवा मृगाला हैदराबादेत मिळणारे मासोळीचे औषध यांसाठी आपल्या भागातून बरेच लोक जातात. श्रद्धेच्या वाटेत मी येत नाही. दोनच विनंत्या आहेत. धाप लागलेल्या मुलाला अशा प्रवासाला नेऊ नका, आणि परत आल्यावर रोजचा पंप बंद करू नका. धाप लागलेल्या बाळाच्या पोटावर चटके मात्र कोणी सांगितले तरी देऊ नका. त्याने श्वास मोकळा होत नाही, रुग्णालयात पोचायचा वेळ तेवढा जातो.

थोडक्यात, रोजच्या राखणीला पंप, आणि मोठ्या झटक्यात थोडे दिवस तोंडाने स्टेरॉईड. एकाच औषधाची ही दोन रूपे, दोन वेगळ्या कामांसाठी. एकाच्या जागी दुसरे वापरले की पंचाईत होते, हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. यंदा कापूस घरात भरण्यापूर्वी एवढे करा : मुलाची झोपायची जागा त्या खोलीतून हलवा, आणि डॉक्टरांकडून झटक्याच्या औषधांची नावे व मात्रा एका कागदावर लिहून घेऊन तो चुलीपासून दूर, पण सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर लावा. रात्री दोन वाजता डोके चालत नाही. त्या वेळी तो कागदच कामाला येतो.