रिकामी खुर्ची : साकोलीच्या आमदाराचा राजीनामा आणि पुढचे सतरा महिने

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा ज्यांचा डेटा संपला, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलण्यातले काही शब्द तसेच ठेवलेत.

लाखनीवरून एक व्हॉइस मेसेज आला होता. "भाऊ, नानाभाऊनं अध्यक्षपद सोडलं नसतं तं उद्धव ठाकरेंचं सरकार वाचलं असतं का?" आपल्या भंडाऱ्यात चहाच्या टपरीवर हा प्रश्न अजून जिवंत आहे. एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून आजचा अख्खा भाग त्याच्यावर.

आधी ही खुर्ची काय चीज आहे ते बघू. विधानसभेचा अध्यक्ष म्हणजे टीव्हीवर "बसा, बसा, खाली बसा" म्हणणारा माणूस, एवढंच आपल्याला दिसतं. पण मतदान झालं की निकाल तो जाहीर करतो, कुठला विषय कधी घ्यायचा ते तो ठरवतो आणि सगळ्यात मोठं म्हणजे, एखादा आमदार पक्ष सोडून पळाला तर त्याची आमदारकी राहणार की जाणार याचा पहिला निवाडा त्याच्याच हातात असतो. संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे आपला पक्षांतरबंदी कायदा, हा अधिकार कोर्टाला नाही तर अध्यक्षाला देते. म्हणून आघाडीचं सरकार बनतं तेव्हा मंत्रिपदांइतकीच घासाघीस या खुर्चीवर होते.

२०१९ मध्ये तसंच झालं. शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस एकत्र आले. ३० नोव्हेंबरला सरकारनं १६९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला आणि वाटणीत अध्यक्षपद काँग्रेसला गेलं. उमेदवार आपल्या साकोलीचे आमदार नाना पटोले. भाजपनं आधी किसन कथोरेंना उभं केलं होतं, पण त्यांनी माघार घेतली आणि १ डिसेंबरला पटोले बिनविरोध निवडून आले. आदल्या दिवशी सभात्याग करणाऱ्या पक्षानं दुसऱ्या दिवशी उमेदवार मागे घेतला, कारण अध्यक्ष बिनविरोध निवडायची परंपरा आहे. तडजोड कधी कधी अशी साधीसुधी पण असते.

नानाभाऊंना राजीनामे नवीन नाहीत, हे भंडाऱ्यात कोणाला सांगायची गरज नाही. २०१४ ला भाजपच्या तिकिटावर त्यांनी प्रफुल पटेलांना पाडलं, डिसेंबर २०१७ मध्ये खासदारकी सोडली. मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसनं ही जागा राष्ट्रवादीला सोडली आणि मधुकर कुकडे जिंकले. तो राजीनामा विरोधकांच्या फायद्याचा ठरला. दुसऱ्याची गोष्ट वेगळी.

४ फेब्रुवारी २०२१. पटोले अध्यक्षपद सोडतात आणि काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होतात. बाहेरून बघताना वाटतं, त्यात काय, दुसरा अध्यक्ष निवडा. आकडे तर आहेत. पण इथेच खरी गोम होती.

अध्यक्षाची निवडणूक लागली तर मतदान गुप्त, असा त्या वेळचा नियम होता. तीन पक्षांचं सरकार, त्यात आतून धुसफूस, आणि चिठ्ठीवर कोणी काय लिहिलं ते कळणार नाही. आपलाच उमेदवार पडला तर सरकारची इज्जत जाते. म्हणून निवडणूक पुढे, अजून पुढे. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम बघत होते, गाडी चालत होती. संविधानाचं कलम १७८ म्हणतं की अध्यक्ष आणि उपाध्यक्ष शक्य तितक्या लवकर निवडा. पण "शक्य तितक्या लवकर" म्हणजे किती दिवस, हे तिथे लिहिलेलं नाही. दिल्लीत सतराव्या लोकसभेनं याच पळवाटेवर २०१९ ते २०२४ अशी पूर्ण पाच वर्षं उपाध्यक्षाविना काढली, तिथे सत्ता दुसऱ्या बाजूची होती. थोडक्यात, ही सवय एका पक्षाची नाही.

जुलै २०२१ मध्ये ओबीसी आरक्षणाच्या ठरावावरून गोंधळ झाला. तालिका अध्यक्ष म्हणून खुर्चीवर भास्कर जाधव होते. भाजपचे १२ आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले. गैरवर्तनाचं कारण दिलं गेलं, पण विरोधकांची १२ मतं कमी झाली हेही खरंच. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये ते निलंबन रद्द केलं : एका अधिवेशनापलीकडे आमदाराला बाहेर ठेवता येत नाही, कारण तेवढा काळ त्याचा मतदारसंघ मुका होतो. हा मुद्दा मला फार पटतो.

डिसेंबर २०२१ मध्ये सरकारनं नियमच बदलला. गुप्त नाही, आता उघड मतदान. मग निवडणुकीची तारीख द्यायची होती राज्यपालांनी. भगतसिंह कोश्यारींनी बदललेल्या नियमावर आक्षेप घेतला आणि तारीख काही मिळाली नाही. खुर्ची रिकामी ती रिकामीच.

गुप्त मतदानाची भीती खोटी होती का? २० जून २०२२ ला विधान परिषदेची निवडणूक झाली, मतदान गुप्त. भाजपकडे १०६ आमदार, तरी त्यांचा पाचवा उमेदवार निवडून आला आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेला निघाले.

आता रिकाम्या खुर्चीची किंमत वसूल व्हायला लागली. शिवसेनेनं १६ आमदारांना अपात्र करा म्हणून अर्ज दिले, ते गेले झिरवाळांकडे. पण त्यांच्याविरुद्धच अविश्वासाची नोटीस आली होती. दोन अपक्ष आमदारांनी पत्र लिहून त्यांना अरुणाचल प्रकरणाचा २०१६ चा निकाल दाखवला : ज्याला हटवायची नोटीस प्रलंबित आहे, त्यानं अपात्रतेचा निवाडा करू नये. त्या दोघांपैकी एक होते गोंदियाचे विनोद अग्रवाल. १९९९ पर्यंत गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होतं, म्हणजे या नाटकात दोन्ही टोकांना आपलीच माणसं! २७ जूनला सर्वोच्च न्यायालयानं आमदारांना उत्तर द्यायला १२ जुलैपर्यंत मुदत दिली. २९ जूनला ठाकरेंनी राजीनामा दिला, ३० ला शिंदे मुख्यमंत्री.

आणि मग बघा वेग. ३ जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष. १६४ विरुद्ध १०७. मतदान उघड, आमदारांना उभं करून एकेक डोकं मोजलं. राज्यपाल तेच, नियम तोच बदललेला. सतरा महिने जे जमलं नाही ते तीन-चार दिवसांत जमलं. इथे राज्यपालांच्या वागण्याचा हिशेब मला लागत नाही, स्पष्ट बोलतो.

तर लाखनीच्या भाऊच्या प्रश्नाला माझं उत्तर. पटोले खुर्चीवर असते तर त्यांच्याविरुद्धही नोटीस आलीच असती, अरुणाचलचा निकाल त्यांनाही लागू झाला असता, आणि आमदारांचा आकडा काही बदलला नसता. त्यामुळे "एका राजीनाम्यानं सरकार पडलं" हे मला मान्य नाही. पण नवीन सरकारला आपला अध्यक्ष बसवायला आयती रिकामी खुर्ची मिळाली, नाहीतर आधी जुन्याला हटवावं लागलं असतं, त्यासाठी १४ दिवस आधी सूचना द्यावी लागते. आणि दोष द्यायचाच तर राजीनाम्यापेक्षा जास्त त्यानंतरच्या टाळाटाळीला. आपल्याच आमदारांवर भरवसा नव्हता, ही खरी गोष्ट होती.

पुढचं पटकन. ११ मे २०२३ ला घटनापीठानं राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश चुकीचा ठरवला. पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून सरकार परत आणता येणार नाही, असंही सांगितलं. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे पाठवला, वाजवी वेळेत करा म्हणून. तो निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला, बंडानंतर साधारण दीड वर्षानं. दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नवीन निवडणूकसुद्धा झाली. साकोलीत नानाभाऊ २०८ मतांनी वाचले.

पुढच्या भागात याच कायद्यातली दोन-तृतीयांशची अट घेऊ. प्रश्न व्हॉइस मेसेजवरच पाठवा, फक्त गाडी चालवताना नको.