धनेगावच्या रात्री बर्फावरची गोष्ट

२०१७ च्या माघ पौर्णिमेला मी गोंड समाजाच्या कचारगडच्या जत्रेत होतो. दरेकसा स्टेशनावर उतरल्यापासूनच पिवळे फेटे दिसायला लागले आणि ‘जय सेवा’ कानावर यायला लागलं. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून आलेली माणसं धनेगावात मुक्कामाला होती. पहाटे कचारगडच्या गुहेकडं चढायचं, तोवर रात्र काढायची. सोबतचा भाचा कबड्डी खेळणारा. त्यानं गोंदियाहून मोबाईलमध्ये एक जपानी अ‍ॅनिमे मालिका उतरवून आणली होती, ‘युरी ऑन आइस’. जिओचं सिम येऊन तेव्हा पाच महिने झाले होते, आणि आमच्या तालुक्यातल्या पोरांच्या हाती जग नुकतंच लागलं होतं. शेकोटीपाशी बसून आम्ही बारापैकी सात भाग पाहिले. सातवा संपला तेव्हा तो हळूच म्हणाला, “मामाजी, ह्यायले कोणी काहीच नाही म्हणत का?”

मला उत्तर सुचलं नाही. त्यानंतर ही मालिका मी पुन्हा पुन्हा पाहिली ती त्या प्रश्नासाठी.

२०१६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात ती जपानी टीव्हीवर आली. दिग्दर्शन सायो यामामोटोचं, पटकथा मित्सुरो कुबोची, स्टुडिओ माप्पा. युरी कात्सुकी हा तेवीस वर्षांचा फिगर स्केटर सोचीच्या मोठ्या स्पर्धेत सहावा, म्हणजे शेवटचा येतो आणि हिरमुसून गावी परततो. गाव लहानसं, समुद्रकाठचं, उतरणीला लागलेलं. घरच्यांची गरम पाण्याच्या झऱ्याची खानावळवजा धर्मशाळा. तिथं एके दिवशी जगज्जेता व्हिक्टर निकिफोरोव्ह येऊन सांगतो, आजपासून मी तुझा प्रशिक्षक.

खेळाच्या अ‍ॅनिमेतला गुरू कसा असायचा, हे आपल्याला ठाऊक होतं. १९६८ साली जपानी टीव्हीवर आलेल्या ‘क्योजिन नो होशी’त बाप पोराच्या अंगावर स्प्रिंगांचा साज चढवून त्याला बेसबॉलसाठी घडवतो. त्याच मालिकेचा क्रिकेटातला अवतार, मुंबईच्या वस्तीतल्या मुलाचा ‘सूरज: द रायझिंग स्टार’, २०१२ च्या डिसेंबरात कलर्सवर आला होता. मार खाल्ल्याशिवाय खेळाडू होत नाही, हे आपल्या मैदानांवरही कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. व्हिक्टर मात्र चौथ्या भागात समुद्रकाठी बसून शिष्यालाच विचारतो, मी तुझा कोण होऊ? वडील, भाऊ, मित्र, की प्रियकर? युरी म्हणतो, तू आहेस तसाच राहा. माझ्या मते मालिकेचा पाया इथं घातला गेला.

आणि व्हिक्टर चुकतो, हे मला फार मोलाचं वाटतं. सातव्या भागात, चीनमधल्या स्पर्धेत, युरी घाबरून गेलेला असतो. त्याला हलवून जागं करावं म्हणून व्हिक्टर तळघरातल्या पार्किंगमध्ये प्रशिक्षकपद सोडायची धमकी देतो. युरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. तो सांगतो, मला उपदेश नको, माझ्यावर विश्वास ठेव आणि जवळ राहा. मग शेवटच्या उडीला तो व्हिक्टरचीच खास उडी, चार गिरक्यांची फ्लिप, मारायला जातो. गिरक्या पुऱ्या होतात, उतरताना तो पडतो. तोंडावर हात घेतलेला व्हिक्टर धावत येऊन त्याला कवेत घेतो. चुंबन दंडाआड राहतं, पण कुणाला शंका उरत नाही. स्टेडियम टाळ्या वाजवतं. पुढं बार्सिलोनात अंगठ्या घातल्या जातात आणि सोबतचे स्केटर अभिनंदन करतात. कुणी काहीच म्हणत नाही. कुबोंनी ठरवूनच तसं जग उभारलं होतं, आणि मला ते पटतं.

आता आपल्याकडं पाहतो. १९८१ साली विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक लिहिलं, रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली. धाडस मोठं होतं, पण मित्राच्या वाट्याला शेवटी आत्महत्याच आली. १९८२ च्या ‘उंबरठा’ चित्रपटात आश्रमातल्या दोघींचं प्रेम हा गुन्ह्यासारखा विषय होता. सचिन कुंडलकरांच्या २००६ च्या ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरीत प्रेम कोवळं आहे, पण प्रियकर सोडून जातो. जानेवारी २०२५ मध्ये रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटानं सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांतलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळवलं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेल्या आनंदसाठी त्याचा गावचा मित्र बाळ्या साबराची बोंडं आणतो. आईला सारं माहीत असतं आणि ती मुलाच्या बाजूनं असते. दोघांपैकी कुणी मरत नाही, कुणी पळून जात नाही. इथवर यायला मराठीला चव्वेचाळीस वर्षं लागली.

दरम्यान ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलमातून प्रौढांचं संमतीचं समलिंगी नातं गुन्ह्याबाहेर काढलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला मात्र अशा जोडप्यांना विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला. मधल्या काळात, मे २०१९ मध्ये, ओडिशाची धावपटू दुती चंद हिनं आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं जाहीर केलं. घरातूनच विरोध झाला. दोन महिन्यांनी नेपल्सला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत ती शंभर मीटर ११.३२ सेकंदांत धावली आणि सुवर्णपदक घेऊन आली. भाच्याला हे मी फोन करून सांगितलं होतं. तो नुसता “हो” म्हणाला, आणि बराच वेळ फोन ठेवेना.

शेवटच्या भागात युरीचं सुवर्ण अवघ्या ०.१२ गुणांनी हुकतं. तो रौप्य घेतो, खेळत राहतो, आणि प्रेम तसंच टिकतं. पुढचा चित्रपट जाहीर झाला होता, तो एप्रिल २०२४ मध्ये रद्द झाल्याचं कळलं. मला वाईट वाटलं, पण झालं ते पुरेसं आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘साबर बोंडं’नं गाव दिलं, आई दिली. आता कुणीतरी मैदान द्या. आमच्या सालेकशातला, आमगावातला कबड्डीचा पट्टा घ्या, चढाईला जाणारा पोरगा घ्या, रेषेपलीकडं त्याची वाट पाहणारा दुसरा घ्या. त्यांना भांडू द्या, हरू द्या. फक्त शेवटी कुणाला मारू नका.