घर क्रमांक असूनही घर का सापडत नाही? (परिसर अभ्यास व गणित)



तिसरी-चौथीच्या मुलांना "तुझा पत्ता लिही" म्हटलं की बहुतेक वह्यांत एकच ओळ दिसते : मु. पो. अमुक, ता. अमुक, जि. यवतमाळ. या पत्त्यावरून गाव सापडतं, घर सापडत नाही. पोस्टमनकाका ओळखीचे असतात म्हणून आपलं भागतं. पण रात्री 108 ला फोन केला आणि चालक बाहेरगावचा असला, तर "पारापासून डावीकडे तिसरं घर" हे त्याला अंधारात कसं कळणार? म्हणून हा पाठ मुलांना नीट शिकवू या.

पत्त्यातला प्रत्येक भाग काय सांगतो?

'मु.' म्हणजे मुक्काम, 'पो.' म्हणजे पोस्ट. तांड्यावर किंवा पोडावर राहणाऱ्या मुलाचं पोस्ट बऱ्याचदा दुसऱ्याच गावात असतं. तिथे दोन्ही वेगवेगळे लिहायला शिकवावं.

पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची. यवतमाळ शहराचा पिन 445001. पहिले तीन अंक टपाल विभागणीचा जिल्हा दाखवतात, शेवटचे तीन टपाल वाटणारं पोस्ट. म्हणजे पिनसुद्धा पोस्टापर्यंतच नेतो.

मग घर क्रमांक?

तो ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये असतो. पण ही नोंदवही घरपट्टीच्या आकारणीसाठी आहे, वाट दाखवण्यासाठी नाही. नवीन घर बांधलं की त्याला बहुधा यादीतला पुढचा क्रमांक मिळतो. त्यामुळे 47 च्या शेजारी 112 येतो. जनगणनेत आपण शिक्षकच भिंतीवर नंबर टाकतो, तो आणखी वेगळा! एका दारावर दोन-तीन नंबर आणि पाहुणा मात्र चौकातच उभा.

अंतरावरून क्रमांक

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या ग्रामीण भागात एक सोपी रीत आहे. रस्ता जिथे सुरू होतो तिथून घरापर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजायचं आणि 10 ने भागायचं. डावीकडे विषम, उजवीकडे सम संख्या. 340 मीटरवर उजवीकडचं घर 34, समोरचं 35. मध्ये नवीन घर झालं तरी त्याचा क्रमांक आधीच ठरलेला! शिवाय क्रमांक पाहूनच अंतर कळतं. आपल्या लांब लांब वस्त्यांना ही रीत छान लागू पडते.

रस्त्याला नाव हवं, पण कोणतं?

क्रमांक द्यायचा तर रस्त्याला नाव लागतंच. इथे जरा थांबून विचार करू. कित्येक गावांत वस्तीचं नाव म्हणजे जातीचं नाव. मूल पत्ता सांगतं आणि न विचारता जात सांगून बसतं. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने अशी जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावं देण्याचा निर्णय घेतला. पण कागदावर बदललेलं नाव आपल्या तोंडी आलं नाही, तर उपयोग काय? हजेरी घेताना, दाखल्यावर लिहिताना आपणच सुरुवात करावी. तांडा आणि पोड हे मात्र बंजारा व कोलाम बांधवांचे स्वतःचे शब्द आहेत. ते ठेवायचे की कसं, हे तिथल्या लोकांनीच ठरवावं.

वर्गात करून पाहा

1. 10 मीटरची दोरी घेऊन शाळेपासून एक रस्ता मोजा.
2. नजरी नकाशा काढा. पार, हातपंप, अंगणवाडी दाखवा.
3. वरच्या रीतीने घरांना क्रमांक द्या.
4. नवीन मुलाला फक्त क्रमांक देऊन घर शोधायला लावा.

हे क्रमांक सरावापुरते. कागदपत्रांवर ग्रामपंचायतीचाच क्रमांक चालेल, हे मुलांना स्पष्ट सांगा. नकाशा चांगला जमला तर मात्र तो ग्रामसभेत नक्की मांडा.

पालकहो, एक काम तुमच्याकडे : मुलाला पूर्ण पत्ता आणि घराजवळची ठळक खूण तोंडपाठ करून घ्या. अडचणीच्या वेळी फोनवर बोलणारं घरात तेच एकटं असू शकतं.