टाळी वाजवा, टेक सांभाळा

गटातली एखादी ताई रेडिओसाठी बोलायला बसली की पाच मिनिटांच्या बोलण्याचे चार-पाच टेक सहज होतात. मग त्यातला चांगला कोणता, हे शोधण्यात दुपार जाते. आणि चुकीचा टेक प्रसारित झाला तर? समजा, विषय लेकरांच्या जुलाबाचा आहे. 1 लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं सांगायचंय. एका टेकमध्ये साखर-मिठाचं माप उलटं झालं आणि नेमका तोच टेक गावोगाव ऐकला गेला, तर लेकराच्या जिवाशी गाठ! म्हणून टेकचा हिशेब बचत गटाच्या वहीसारखा चोख हवा.

आम्ही ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतो. त्यातली आमची रीत सांगतो.

एखादं वाक्य अडखळलं तर रेकॉर्डिंग थांबवू नका. क्षणभर गप्प राहा, एक टाळी वाजवा आणि तेच वाक्य पहिल्यापासून बोला. पडद्यावर टाळीची उंच रेघ उठून दिसते. नंतर तिथे जाऊन चुकलेलं वाक्य टाळीसकट निवडायचं आणि डिलीट करायचं. शेजारी बसलेलीने त्याच वेळी कंट्रोल आणि एम दाबलं, तर तिथे खूण पडते. 'माप चुकलं' असं लिहूनही ठेवता येतं.

सगळंच पुन्हा बोलायचं असेल तर आधीचा ट्रॅक म्यूट करा, नाहीतर तो बोलताना वाजत राहतो. मग शिफ्ट आणि आर दाबा. नवा टेक खाली वेगळ्या ट्रॅकवर येतो. त्याला लगेच नाव द्या: 'टेक 2, शेवट चांगला'. सोलो दाबलं की तेवढाच टेक ऐकू येतो.

तीन टेक झाले की आम्ही थांबतो. पुढे आवाज थकतो, बोलणं पाठ केल्यासारखं वाटतं. सुरुवात पहिल्या टेकची आणि शेवट तिसऱ्याचा, असं जोडता येतं. मात्र माइकपासूनचं अंतर सारखं ठेवा, नाहीतर जोड कानाला खटकतो.

निवड त्याच दिवशी करा, बोलणाऱ्या ताईंना शेजारी बसवूनच. जोडलेलं बोलणं हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐका. मापं, तारखा, रकमा कागदाशी ताडून पाहा. ताई 'हो' म्हणाल्या, की मगच बाकीचे टेक पुसा.